साहेबाला माती मिळाली का

आमच्या घरात पणजोबांना पणजोबा कुणी म्हणत नसे. 'साहेब' म्हणत. साहेब बुडला त्या साली, साहेबाच्या चौकीमागं, साहेबाचं पान. लहानपणी मला वाटायचं की प्रत्येकाच्या घरी असा एक बुडालेला साहेब असतो. शाळेसाठी पनवेलला राहायला आलो तेव्हा कळलं की तो फक्त आमच्याकडेच होता.

आमचं गाव खाडीच्या काठी. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि दोन्हींच्या मधून खाऱ्या पाण्याला अडवणारा मातीचा बांध. माणसं सगळी आगरी. रेल्वेसाठी घाट फोडत होते तेव्हा विलायतेहून गवंडी, सुतार, सुरुंगवाले पोटासाठी बोटीने आले. पणजोबा त्यांतले. सुरुंगाच्या कामात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि ठेकेदाराने काढून टाकलं. घाट उतरून ते पनवेलला आले आणि मिठाच्या राशींवर पहारा करायची नोकरी त्यांना मिळाली. पणजी त्याच आगरात मिठाच्या पाट्या वाहत असे. पुढे ती चौकीत त्यांच्याबरोबर राहू लागली. जातीने तिला वाळीत टाकलं. तिची आई बांधावर कालवणाचं मडकं ठेवायची आणि मागे न बघता निघून जायची, असं आत्या सांगायची. चौकीत माझे आजोबा जन्मले.

आजोबा नुकते चालायला लागले होते तेव्हा होळीच्या पुनवेच्या उधाणाला साहेब बांध बघायला गेला आणि परत आला नाही. प्रेत मिळालं नाही. मग जातीच्या जाणत्यांनी पिठाचा पुतळा केला, खाडीकाठी त्याला आग दिली, पणजीच्या बांगड्या फोडल्या आणि तिला पोरासकट घरात घेतलं. पुतळा जाळला म्हणजे माणूस रीतसर गेला, आणि रीतसर गेलेल्या माणसाची बायको ही विधवा. विधवेला कुणी वाळीत टाकत नाही. त्या एका पुतळ्यावर आमचं सगळं घराणं उभं राहिलं. आजोबांना जातीतली मुलगी मिळाली, माझ्या वडलांना मिळाली, मलाही मिळाली.

साहेबाच्या दोन खुणा मागे राहिल्या. एक आमचे घारे डोळे. दुसरी त्याचं पान. पितृपक्षात बाकीच्या पितरांची पानं कौलांवर कावळ्यासाठी ठेवत. साहेबाचं पान मात्र बांधावर जाई. वडे, खीर आणि सोबत पनवेलहून आणलेला पाव. ओहोटी लागली की ते पाण्यात सोडायचं. पाण्यात मेला म्हणून पाण्यात, असं मला सांगितलं होतं आणि ते मला पटलंही होतं.

पणजी गेल्यावर हे पान आत्या ठेवायची. ती माझ्या वडलांची थोरली बहीण. ओवे गावात दिलेली. लग्न झालेल्या बाईने माहेरच्या पितरांचं करायचं नसतं, पण ती दर वर्षी यायचीच. बायका म्हणत, "साहेबाची लाडकी नात आयली." ती म्हणे, "आयलू. तुजा आजा ठेवतो काय पान, मंग मी घरी बसतंय." ती कुणाचं ऐकून घेणारी नव्हती.

मी मॅट्रिक झालो आणि मामलेदार कचेरीत कारकून लागलो, तेव्हा पेढे घेऊन तिच्याकडे गेलो होतो. तिने पेढा तोंडातही घातला नव्हता. म्हणाली, "बाला, आता तू सरकारी मानूस. माजा येवडा काम कर. साहेबाला माती मिलाली का, बघ."

मी म्हणालो, बघतो.

ती दर भेटीत विचारायची आणि मी दर भेटीत बघतो म्हणायचो. युद्ध आलं, संपलं. देश स्वतंत्र झाला. मी काही बघितलं नाही. आज लिहिताना खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून सांगतो: मला वेळ नव्हता असं नाही, मला ते नको होतं. बेचाळीस साली पनवेलच्या बाजारात प्रभातफेऱ्या निघत होत्या आणि एका मित्राने मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "घाऱ्या, तू कुणाच्या बाजूचा रे?" सगळे हसले, मीही हसलो. कचेरीत हेडक्लार्कनी डोळ्यांबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणालो, आमचं मूळ घराणं तळकोकणातलं. ते म्हणाले, "मग चित्पावनच म्हणा की. जेवायला बोलवायला हरकत नाही." कचेरी बराच वेळ हसत होती. जेवायला मात्र कुणी बोलावलं नाही.

एकदाच मी कामासाठी ठाण्याला गेलो असताना खाडीजवळच्या जुन्या इंग्रजी कबरस्तानात शिरलो. दगडांवर शेवाळ होतं, निम्म्यांची अक्षरं गेली होती. अर्धा तास इकडेतिकडे फिरलो आणि बाहेर येऊन भजी खाल्ली. आत्याला हेही सांगितलं नाही.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, मामलेदारांनी मला आत बोलावलं. समोर खुर्चीवर एक इंग्रज बाई बसली होती. साठीची असावी. उन्हाची टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. तिचा भाचा मुंबईत एका कंपनीत होता, त्याची मोटार घेऊन आली होती. तिचे आजोबा तरुणपणी पनवेलच्या मिठागरांवर नोकरीला होते आणि ती जागा तिला बघायची होती. मामलेदार मला म्हणाले, "तुमचाच भाग आहे आणि इंग्रजीही जमतं. दाखवून आणा." बाहेर पडताना हेडक्लार्क हळूच म्हणाले, "पाव्हणे आलेत वाटतं तुमचे." त्यांनी गंमत केली होती. मी न हसता मोटारीकडे गेलो.

मोटारीत ती सारखी बोलत होती. शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई होती, सगळं नीट क्रमाने सांगे. तिचे आजोबा एका गवंड्याचे धाकटे पोर. घरात खाणारी तोंडं फार, म्हणून विशीत बोटीवर चढले. हिंदुस्थानात काही वर्षं काढून तिशीच्या आसपास परत गेले, लग्न केलं, मुलं झाली. गावाबाहेर भाजीचा एक तुकडा कसत. ऐंशी ओलांडून, अंथरुणात, झोपेत गेले. तेव्हा ती विशीत होती. चर्चच्या मागच्या भिंतीला लागून त्यांना पुरलं आहे, आणि ती तिथे फुलं लावते. हिंदुस्थानातलं ते फार काही सांगत नसत. पनवेल हे नाव आणि मीठ, एवढंच. घरात कुणी नसलं की भात हाताने खात. डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. विचारलं की म्हणत, वाघाने खाल्ली.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मनाला सांगत होतो की सुरुंगात बोटं पुष्कळांची गेली असतील.

आम्ही बांधावर चढलो. आगरात मिठाचं पाणी आटवायच्या कोंड्या चकाकत होत्या, बायका पाट्या वाहत होत्या. ती थांबून म्हणाली की आजोबांची एक गोष्ट तर अजून घरात सगळे सांगतात. दर वसंतात खणायला सुरुवात करायच्या आधी ते भाजीच्या तुकड्याच्या कोपऱ्यात एक कोंबडीचं अंडं पुरायचे. आजी चिडायची, अंडं काय फुकट येतं का म्हणायची. शेजारी म्हणायचे, उन्हाने डोकं फिरून आलाय. ते कुणाशी वाद घालत नसत. अंडं पुरत, वर पाय ठेवून माती दाबत आणि मग पहिली कुदळ मारत. सांगताना ती हसत होती.

बांध दुरुस्तीला काढायचा तर आमच्याकडे आधी कोपऱ्यात अंडं पुरतात. वर टाच दाबतात. मग कुदळ. अंडं दिल्याशिवाय बांधाला हात लावला तर बांध माणूस मागतो, असं म्हणतात. मी स्वतः लहानपणी वडलांच्या हातातलं अंडं धरून उभा राहिलो आहे.

तिने विचारलं, असं काही तुमच्याकडे करतात का?

मी म्हणालो, नाही. कधी ऐकलं नाही.

त्याच वेळी आगरातून माझी एक चुलत वहिनी ओरडली, "भावोजी, ही गोरी पावनी कोनाची? साहेबाच्या घरची नाय ना?" बाकीच्या बायका पाट्या डोक्यावर धरून हसल्या. मी म्हणालो, "सरकारी आहे." बाईने विचारलं, त्या काय म्हणतायत? मी म्हणालो, तुम्हाला नमस्कार सांगतायत. तिने लगेच दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार केला आणि बराच वेळ तसेच जोडून ठेवले. बायका चकित झाल्या. मग एकीने एका हाताने डोक्यावरची पाटी सावरत दुसरा हात नमस्कारासाठी कपाळाला लावला.

परत मोटारीकडे जाताना तिने मला सरळ विचारलं. आजोबांचं इथे कुणी होतं का? तिच्या आईने एकदा त्यांना हेच विचारलं होतं, तेव्हा ते उठून भाजीच्या तुकड्याकडे गेले आणि अंधार पडेपर्यंत घरात आले नाहीत. ती म्हणाली, "मला राग वगैरे काही नाही. कुणी असेल तर भेटायला आवडेल, एवढंच."

मी म्हणालो की मिठागरांवर त्या काळी वस्तीच नव्हती. कुणी असणं शक्य नाही.

त्या क्षणी माझ्या मनात काय काय होतं ते मी अनेकदा तपासून बघितलं आहे. माझ्या मुलीचं लग्न एका पंचाच्या घरी ठरत होतं. साहेब बुडालाच नाही, तो आपल्या पायांनी गेला, हे बाहेर पडलं तर पुतळा खोटा, पणजीचं वैधव्य खोटं. एवढ्या जुन्या गोष्टीला कोण विचारतो, असं म्हणता आलं असतं. पण विचारणारे असतात. हेडक्लार्कनी तर विचारलंच असतं. आणि शिवाय राग होता. तिकडे भाजी पिकवून, नातवंडं खेळवून ऐंशी वर्षं जगला, आणि इकडे आम्ही त्याला पाव घालत होतो. पण तो राग त्या बाईवर काढायचा मला काय अधिकार होता? तिने काय केलं होतं? तिने फक्त विचारलं होतं.

जाताना तिने आपला पत्ता लिहून कागद माझ्या हातात दिला. पुढे काही कळलं तर लिहा म्हणाली. मोटार वळणाआड गेल्यावर मी तो कागद फाडून कचेरीमागच्या गटारात टाकला.

आता प्रश्न आत्याचा होता. ती आयुष्यभर जे विचारत होती त्याचं उत्तर माझ्याकडे आलं होतं. माती मिळाली होती. चर्चच्या भिंतीशी, वर फुलं लावलेली. पण ते सांगायचं तर तो सोडून गेला हेही सांगावं लागणार. सत्तरीच्या बाईला कशाला सांगायचं, असा विचार मी केला. आपण बुडालेल्या माणसाला पान देतोय या समजुतीवर तिने जन्म काढला, ती मोडायची कशाला? तिला हवं ते द्यावं आणि नको ते ठेवून घ्यावं. मी याला दया समजत होतो.

एका रविवारी ओव्याला गेलो. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मी सांगितलं की कचेरीच्या कामात शोध लागला. साहेबाचं प्रेत वाहत ठाण्याकडे गेलं होतं, तिथल्या पाद्र्याने त्याला रीतसर पुरलं. माती मिळाली.

तिचं सूप थांबलं. "कवा?"

"काय कधी?"

"मुडदा कवा मिलाला?"

मी हिशेब न करता बोलून गेलो, "दहा-बारा दिवसांनी."

"म्हंजे पुतला जालल्यावर?"

"हो, त्यानंतरच असेल. दोन-चार दिवसांनी."

तिने सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. मला वाटलं, तिचं मन निवलं. निघताना पाया पडलो तर तिने नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला नाही, पण मी ते मनावर घेतलं नाही. हलक्या मनाने पनवेलला आलो.

महिन्याभराने तिचा मोठा मुलगा कचेरीत आला. म्हणाला, आई नीट जेवत नाय. कुणाशी बोलत नाय. एकच धरलंय, ठाण्याला ने, साहेबाची जागा दाखव. तू काय सांगलास तिला?

मी टाळायचे सगळे उपाय केले. ऊन फार आहे, एसटीत बसवणार नाही, तिथे आता काही राहिलं नाही. तिने मुलाबरोबर निरोप पाठवला, की बाला नेत नसेल तर मी चालत जातंय. शेवटी नेलं. एसटीत ती खिडकीशी बसून राहिली. वाटेत मुंब्र्याला मी केळी घेतली, तिने ती पदरात बांधून ठेवली. मला वाटलं, कबरीवर ठेवायला असतील.

कबरस्तानात मी तिला थेट मागच्या बाजूच्या एका दगडाकडे नेलं. त्याच्यावर एकही अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तो निवडला होता.

"ह्यो?"

"हो."

तिने चपला काढल्या. केळी ठेवली नाहीत, उदबत्ती लावली नाही. ती गुडघ्यांवर बसली, पदर पसरला, दगडावर कपाळ टेकलं आणि नाक घासायला लागली. आमच्याकडे गुन्हा कबूल करताना देवापुढे असं करतात. एकदा, दोनदा, मग मोजदाद नाही. मी घाबरलो. तिला धरून उठवायला गेलो तर तिने माझा हात झटकला.

"सोड मना. मारला आमी त्याला."

"अगं, कोण कुणाला मारलं? तो बुडला."

"बुडला नाय रं," ती म्हणाली. "त्यो जिता जेला. बंदरातनं जेला, दिसाढवल्या. आजीनं त्याला भाकर बांदून दिली."

मग त्या दगडाला टेकून बसून तिने मला जे सांगितलं, ते घरातल्या एकाही पुरुषाला ठाऊक नव्हतं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती तेव्हा पणजीने तिला शपथ घालून सांगितलं होतं. साहेबाने जातो म्हणून सांगितलं, परत येतो म्हणूनही सांगितलं. पणजीला कळत होतं की येणार नाही. तरी तिने भाकरी आणि सुके बोंबील फडक्यात बांधले आणि पोराला कडेवर घेऊन पनवेल बंदरापर्यंत गेली. मचवा दिसेनासा होईतो उभी राहिली. मग चौकीत परत येऊन नुसती बसून होती. काही दिवसांनी जातीतले दोन जाणते स्वतःच तिच्याकडे आले. ते वाईट नव्हते. ते म्हणाले, मेलेल्याची बायको घरात घेता येते, सोडून गेलेल्याची घेता येत नाही. त्याला मेला म्हण, बाकीचं आम्ही करतो. पणजी चार दिवस नाही म्हणत होती. मग पोराला ताप भरला आणि चौकीत पाणी द्यायला दुसरं माणूस नव्हतं. तेव्हा तिने हो म्हटलं. पुतळा झाला. आग द्यायला मुलगा लागतो, म्हणून माझ्या आजोबांच्या, त्या ताप उतरलेल्या पोराच्या हातात पेटतं लाकूड दिलं आणि वरून जाणत्यांनी त्याचा हात धरला.

जिवंत माणसाचा पुतळा जाळला की तो माणूस जगत नाही, अशी समजूत आहे. करणी करणारे तेच करतात. पणजीने आयुष्यभर तीच भीती बाळगली. म्हणून त्याचं पान ती कावळ्यासाठी ठेवत नसे. कावळ्याने घेतलं म्हणजे मेला, हे पक्कं झालं असतं. पाण्यात सोडलं की ते जिथे जायचं तिथे जाईल, आणि तो जिता असेल तरी त्याला बाधणार नाही.

"मरताना बी तिनं मना तेच इचारला," आत्या म्हणाली. "पोचला असंल का गं घरी? मी बोललू, पोचला, आये, कवाच पोचला. नि ह्यो बग कुठं हाय. एका भरतीच्या वाटेवर. पुतला जालला नि चार दिसांत मेला. आमच्या आगीनं मेला. माज्या बापाच्या हातनं."

माती मिळाली का, असं ती मला जन्मभर विचारत होती, आणि मला वाटत होतं की ती बुडालेल्या माणसाची काळजी करते आहे. तिला विचारायचं होतं की तो आपल्या वेळेला, आपल्या माणसांत, आपल्या मरणाने मेला का. मला हो म्हणता आलं असतं. अगदी खरं हो. त्याऐवजी मी माझ्या सोयीचा एक मुडदा तयार केला आणि तिच्या पदरात टाकला.

मी तिथेच खाली बसलो आणि म्हणालो, "आते, मी खोटं बोललो. हा साहेबाचा दगड नाही. साहेब विलायतेला पोचला. तिथे ऐंशी वर्षांचा होऊन मेला."

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाली, "मना बरा वाटावा म्हनून सांगतोस."

"शपथ घेतो."

"तवा बी खराच सांगत व्हतास ना? पाद्री नि काय काय."

मी बोटांचं सांगितलं. ती म्हणाली, बोटांचं तुला घरातच ठाव हाय. हाताने भात खाण्याचं सांगितलं. ती म्हणाली, समदेच खातात. एकदा खोटं बोललेल्या माणसाला खरं सांगायला किती कष्ट पडतात, ते मी त्या दुपारी बघितलं. मग मी अंड्याचं सांगितलं. भाजीचा तुकडा, कोपरा, टाच दाबणं, आणि तिकडच्या बायकोचं चिडणं, की अंडं काय फुकट येतं का.

आत्याने तोंडावर पदर धरला. आधी मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती. हसता हसता रडली. "त्या येड्याला कुनी सांगला, थितं खाडी नाय म्हनून? बांद नाय, काय नाय, नि अंडा पुरतोय." पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. मग डोळे पुसून बोलली, "पोचला म्हनायचा. पोचला." पदरातली केळी सोडली, एक मला दिलं, एक स्वतः खाल्लं. सकाळपासून ती उपाशी होती.

आम्ही उठलो. फाटकापर्यंत आल्यावर तिने विचारलं, "तुला ह्या कोनी सांगला?"

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. साहेबाची तिकडची नात आली होती, असं मी सांगितलं. पनवेलला आली होती, आपल्या बांधावर उभी होती, इथे कुणी आहे का म्हणून विचारत होती. मी कुणी नाही म्हणालो. आणि पत्त्याचा कागद फाडला.

आत्या फाटकाचा गज धरून उभी राहिली. मला वाटलं ती शिव्या देईल. त्या तिला चांगल्या येत होत्या. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे माजी बहीन आयली व्हती," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "जेवली का ती?"

"कचेरीत चहा दिला होता."

"चा," आत्या म्हणाली. गज सोडला आणि एसटीच्या दिशेने चालू लागली.

नंतर मी माझ्या परीने प्रयत्न केला. मुंबईत त्या भाच्याची कंपनी कोणती होती ते मामलेदारांना आठवत नव्हतं. बाईने आपल्या गावाचं नाव मोटारीत दोनदा सांगितलं होतं, पण मी तेव्हा ऐकत नव्हतो, भीत होतो. काही सापडलं नाही. मुलीचं लग्न त्या पंचाच्या घरी झालं. तिच्या सासऱ्यांना मी हे सगळं पुढे एकदा स्वतः सांगितलं, तर ते म्हणाले की त्यांच्या आजीला हे माहीत होतं.

आत्याने माझ्याशी बोलणं टाकलं नाही. तिने वेगळंच केलं. मी ओव्याला गेलो की ती मला समोर बसवायची आणि त्या बाईबद्दल विचारायची. लग्नाला न गेलेली बाई जाऊन आलेल्याला विचारते, तसं. उंच होती का? केस किती पिकले होते? नवरा होता का, की एकटीच? साहेबासारखी दिसत होती का? हा प्रश्न तर ती स्वतः साहेबाला न बघता विचारायची. बोलायची कशी, हळू की मोठ्याने? हसताना तोंडावर हात धरायची का? पोरंबाळं?

मला मनातून रचता आलं असतं. तिला ते आवडलंही असतं. पण आता मला तो हक्क राहिला नव्हता, म्हणून जे आठवत होतं ते सांगायचो आणि बाकीच्याला म्हणायचो, माहीत नाही, आते. बघितलं नाही. अख्खी दुपार मी त्या बाईशेजारी काढली होती आणि तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं. एकेक वर्षाने मला सांगण्यासारखं कमीच होत गेलं. तिचे प्रश्न मात्र कमी झाले नाहीत.

गेल्या वर्षी ती गेली. त्याआधीच्या भेटीत ती अंथरुणावरच होती, पाय सुजले होते. नेहमीचं विचारून झालं. मग म्हणाली, "आपला बांद उंच हाय. त्या वयाची बाय चढली कशी?"

हे मात्र मला आठवत होतं. मी सांगितलं, की ती अर्ध्यावर थांबली, गुडघा धरला, आणि माझ्याकडे बघून हसली.

"मंग तू हात दिलास का तिला?"

"नाही," मी म्हणालो.